टेस्टरमधला निऑन

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकते. स्टाफरूममध्ये अशा वेळी 'मतभेद' म्हणायची पद्धत आहे. माझे मतभेद वगैरे काही नव्हते. ती आली, पोरं तिच्या मागे मागे फिरायला लागली आणि मी जळले. त्रेपन्न वर्षांची बाई, चोवीस वर्षं विज्ञान शिकवलेली, आणि एकोणतीस वर्षांच्या मुलीवर जळतेय. हसू येतं ना? दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मलाही आलं असतं.

आमची शाळा डिलाईल रोडच्या एका आतल्या गल्लीत. मराठी माध्यम. मी लागले तेव्हा दहावीच्याच चार तुकड्या होत्या, एका बाकावर तीन-तीन पोरं. आता दहावीची एकच तुकडी आणि मागचे बाक रिकामे. ज्यांना मी शिकवलं ते आपल्या पोरांना इंग्लिश मीडियमला घालतात आणि रस्त्यात भेटले की "बाई, ओळखलंत का?" म्हणून पाया पडतात. पडा म्हणावं. पोरं नाही पाठवलीत, निदान पाया तरी पडा.

ती माटुंग्याच्या एका बंद झालेल्या शाळेतून आली होती. शाळेत मुलं कमी झाली की शिक्षक जास्त ठरतात. जास्त ठरलेल्याचं नाव एका यादीत जातं आणि जिथे जागा निघेल तिथे त्याला धाडतात. अतिरिक्त शिक्षक म्हणतात त्याला. आमच्याकडे तशी जागा होती असंही नाही, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मी दीड महिना रजेवर गेले आणि जूनमध्ये माझी दहावी तिच्या हातात गेली.

'माझी दहावी' असंच म्हणते मी. शाळेत दहावी शिकवणाऱ्या बाईचा थाट वेगळा असतो. शिपाईमावशी चहा आधी तिच्यासमोर ठेवते. पालक तिला बघून उठून उभे राहतात. निकालाच्या दिवशी पेढा पहिला तिच्या हातावर पडतो. हे सगळं क्षुल्लक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी चोवीस वर्षं ते भोगून मग सोडून दाखवावं.

जुलैच्या शेवटी काठी टेकत मी वर्गात गेले तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या टीचर नाही आल्या?"

टीचर! आमच्या शाळेत बाई ती बाई. ही दीड महिन्यात टीचर झाली, वर 'आमच्या' झाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आल्यात," मी म्हटलं, "आता मी पण आलेय. पुस्तकं काढा."

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला एकटीलाच ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "स्पष्ट बोलते. सप्टेंबरअखेर पट मोजला जाईल. विज्ञानाला वरच्या वर्गांसाठी एकाच शिक्षकाचा वर्कलोड निघतोय. तुम्ही सीनियर, तुमची जागा कुठेही जात नाही. तुम्ही पाचवी ते सातवी घेतलीत आणि दहावी तिला दिलीत तर तिच्या तासिका पुऱ्या होतात, ती राहते. नाहीतर तिचं नाव परत यादीत. मग कुठे फेकतील देव जाणे. एकदा शाळा बंद पडून आलीय बिचारी. तुमच्यावर जबरदस्ती नाही. विचार करून सांगा."

म्हणजे माझं काही जात नव्हतं. पगार तोच, शाळा तीच, उलट पाचवी-सहावीचे वर्ग तळमजल्यावर आणि दहावी तिसऱ्या मजल्यावर. माझ्या गुडघ्याला तर लॉटरीच. आणि तिची अख्खी नोकरी माझ्या एका होकारावर. मी "बघते" म्हटलं. आणि खरंच बघत होते. जिना चढताना रोज वाटायचं, देऊन टाकावी. दुसऱ्या मजल्यापर्यंत तर मी नक्की द्यायचे. तिसऱ्या मजल्यावर पोचले की तिच्या वर्गातला हसण्याचा आवाज यायचा आणि मग नाही द्यायचे.

स्वभावाने ती वाईट होती का? नाही ना, तेच तर. वाईट असती तर सोपं गेलं असतं. डबा खायला ती मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसायची. "बाई, तुमच्या हातचं बांगड्याचं तिखलं द्या ना थोडं." तिचं मराठी कसं स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री करून आणल्यासारखा. माझं घोडपदेवचं. राग आला की अजूनही तोंडातून आईचं मालवणीच निघतं, आणि पोरं खिदळतात. पण ती माझं बोलणं कान देऊन ऐकायची. लहानपणचं विचारायची, चाळीतलं विचारायची.

असंच एकदा डबा खाता खाता मी तिला आमच्या बाबांबद्दल सांगितलं. बाबा गिरणीत वायरमन होते. शर्टाच्या खिशाला पेनऐवजी टेस्टर लावलेला असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. ते टेस्टरचं टोक घरातल्या प्लगमध्ये घालायचे आणि मला म्हणायचे, "ठेव बोट मागच्या टोपीवर." मी बोट ठेवलं की टेस्टरच्या पोटात नारिंगी ठिणगी पेटायची. बोट उचललं की गुल. मी दिवसातून वीस वेळा मागे लागायचे आणि ते वीस वेळा दाखवायचे. कधी म्हणून मला काही झालं नाही. होणारच नाही, आत रोधक असतो, बोटापर्यंत पोचतो तो करंट इतका बारीक की कळतही नाही. बाबांनी हे सगळं मला शाळेत विज्ञान सुरू व्हायच्या आधी शिकवलं होतं.

ती घास हातात धरून ऐकत होती. "किती छान हो," म्हणाली. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी माझं ऐकत होतं.

तेव्हा तिचा दहावीचा दुसरा धडा चालू होता, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, तिने सुरू केलाय तर तिलाच संपवू दे. हा माझा धडा. म्हणजे पुस्तक सगळ्यांचं, पण हा धडा माझा. आवर्तसारणीचा तक्ता फळ्यावर टांगून मी त्यातली सात मजल्यांची चाळ दाखवायचे. आडवे मजले म्हणजे आवर्तं, उभ्या ओळी म्हणजे गण. एका उभ्या ओळीत राहणाऱ्यांचे स्वभाव सारखे. डावीकडचा सोडियम म्हणजे एक इलेक्ट्रॉन कधी कुणाच्या गळ्यात मारतो म्हणून टपलेला. उजवीकडचा क्लोरीन एकासाठी वखवखलेला. आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, गण अठरा. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. निष्क्रिय वायू, म्हणजेच राजवायू. शेवटचं कवच भरलेलं. द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुणाशी जमवून घ्यायची गरज नाही. "भरल्या घरचे आहेत ते," मी सांगायचे, आणि पोरं सहा नावं टाळ्यांच्या ठेक्यात म्हणायची.

आणखी एक गोष्ट मी रंगवून सांगायचे. मेंडेलीव्हने जेव्हा तक्ता मांडला तेव्हा अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्याने जागा मोकळ्या सोडल्या होत्या. पण या वायूंसाठी एकही जागा सोडली नव्हती. असं काही असेल हे त्याच्या गावीच नव्हतं. पुढे ते एकामागून एक सापडले, आणि तरी कुणालाही न हलवता कडेला एक नवी उभी ओळ घालून सगळ्यांची सोय झाली. आधी तिला शून्य गण म्हणायचे, आता अठरावा म्हणतात. चोवीस वर्षं हे सांगितलं. कुणाला न हलवता सोय! सांगणारी मी, आणि एक पोरगी शाळेत सामावून घ्यायची वेळ आली तर जिन्यात तीनदा मत बदलणारीही मीच.

त्या दिवशी माझा तास मोकळा होता. पोस्टाच्या टपालावर सही करून मी वर आले आणि दहावीच्या मागच्या दाराशी थांबले. चोरून नाही हो, गुडघा दुखत होता म्हणून. बरं, चोरून.

ती विचारत होती, "निऑन कुणी पाहिलाय?" कुणी हात वर केला नाही. एक म्हणाला, "टीचर, जाहिरातीच्या दिव्यांत असतो." हे पुस्तकातलं वाक्य. मीही हेच सांगायचे, नि पेपरात आलं की एक मार्क द्यायचे.

"घरी कुणी पाहिलाय का?" तिने विचारलं.

पोरं हसली. घरी कुठला निऑन? मग तिने ओढणीआडून एक टेस्टर काढला. "हा कुणाच्या घरी आहे?" सगळ्या वर्गाचे हात वर. पहिल्या बाकावरची मुलगी तर ओरडलीच, "माझे पप्पा इलेक्ट्रिशियन आहेत, टीचर!"

तिने टेस्टरची मूठ स्वतः धरली, टोक भिंतीवरच्या प्लगमध्ये घातलं, बटण चालू केलं आणि त्या मुलीला टोपीवर बोट ठेवायला सांगितलं. पेटली नारिंगी ठिणगी. "हा बघ," ती म्हणाली, "हा निऑन. अठराव्या गणातला दुसरा. कुणाशी संयोग पावत नाही, पण जरा वीज दिली की असा उजळतो. तुमच्या सगळ्यांच्या घरी खिळे-हातोडीच्या डब्यात एक राजवायू पडलेला आहे आणि आपण त्याला कधी ओळखच दिली नाही."

सगळा वर्ग उठून तिच्याभोवती गोळा झाला. एकेक जण बोट ठेवतोय, ठिणगी पेटतेय, मागचे ढकलतायत, "मला, टीचर, मला." इतका गोंधळ, आणि एकाचंही लक्ष दुसरीकडे नाही.

मी दाराची चौकट धरून उभी. काय वाटलं ते कसं सांगू? मला निऑन ठाऊक होता. त्याचा अणुअंक दहा, दोन आणि आठ इलेक्ट्रॉन, सगळं तोंडपाठ. आणि मला टेस्टर ठाऊक होता, बाबांच्या खिशातला. पंचेचाळीस वर्षांत माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी एकदाही एकमेकींना भेटल्या नाहीत! रसायनशास्त्रातली पदवी माझी, वायरमन बाप माझा, बोट माझं, आणि ही काल आलेली माझ्याच डब्याशी बसून माझीच गोष्ट ऐकते काय आणि तीत निऑन शोधून काढते काय! शिरा पडली माझ्या तोंडार, असं आईच्या भाषेत मी स्वतःलाच म्हटलं. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी थेट खाली गेले. तीन मजले, काठी न टेकता. मोठ्या बाईंना म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर मुलांकडून प्लगमध्ये टेस्टर घालून घेतायत. बोटं लावायला लावतायत. उद्या एखाद्याला काही झालं तर पालक आपल्याला सोडणार नाहीत."

मोठ्या बाई दचकल्याच. त्या इतिहासाच्या. विजेचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो. लगेच शिपाईमावशीला पाठवून तिला बोलावलं. ती आली, हाताला खडू, चेहरा फुललेला. काय झालं ते कळल्यावर चेहरा उतरला, पण घाबरली नाही. म्हणाली, "मॅडम, टेस्टर मीच धरला होता. आत रोधक असतो, काही धोका नसतो. पाहिजे तर बाईंना विचारा. बाईंचे वडील गिरणीत वायरमन होते, ते बाईंना लहानपणी असंच दाखवायचे. त्यांनी सांगितलं त्यावरूनच तर मला हे सुचलं. वर्गातही मी शेवटी सांगणार होते, ही आयडिया बाईंची म्हणून."

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "खरंय का? तुम्हाला यातलं कळतं. धोका असतो की नाही, सांगा. तुम्ही म्हणाल ते."

ऑफिसात भिंतीवर पंखा घरघरत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'नाही, धोका नसतो.' मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, माझ्या बाबांना तर माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. पण ती 'बाईंची आयडिया' म्हणाली ते मला भीक घातल्यासारखं लागलं.

"असतो," मी म्हटलं. "बाबा दाखवायचे हे खरं आहे. पण एकदा मला जबरदस्त झटका बसला होता. त्यानंतर त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही."

धडधडीत खोटं. आयुष्यात कुणाची तार चुकीची जोडली नाही अशा माणसाच्या माथी मी ते मारलं. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली, ते काय येऊन सांगणार होते?

मला वाटलं ती आता भांडेल. भांडावी असंच वाटत होतं. माझ्याही तोंडात उत्तरं तयार होती. पण तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी हे बोलला नाहीत. वडिलांची गोष्ट म्हणून नसाल बोलला." मग मोठ्या बाईंना, "सॉरी मॅडम. आतला रोधक खराब असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बत्तीस मुलांना बोटं लावायला लावली मी." तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, वर चला ना माझ्याबरोबर. मुलांना सांगायला हवं, घरी जाऊन करून बघतील ती. तुम्ही असलात की नीट ऐकतील."

मी गेले. काय म्हणून नाही म्हणणार? तिने वर्गासमोर उभं राहून सांगितलं की मघाशी दाखवलं ते चुकीचं होतं, माझी चूक झाली, घरी कुणीही टेस्टरला हात लावायचा नाही. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "पण टीचर, माझे पप्पा रोज असंच बघतात. काही नाही होत."

"बाईंना लहानपणी झटका बसलाय," ती म्हणाली. "विचार बाईंना."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. इलेक्ट्रिशियनची पोर, माझ्यासारखीच. तिला माहीत होतं. आता तिच्या पप्पांवरचा तिचा विश्वास आणि माझं तोंड, दोन्ही समोरासमोर.

"हो," मी म्हटलं. "खाली बस."

पुढचं थोडक्यात. सप्टेंबरला पट मोजला. मी मोठ्या बाईंना सांगितलं की दहावी मीच घेते, त्यांनीही मग काही म्हटलं नाही. त्या प्रकारानंतर त्यांनाही ते सोयीचंच वाटलं असेल. तिचं नाव यादीत गेलं आणि दिवाळीनंतर दहिसरच्या एका शाळेची ऑर्डर आली. जायच्या दिवशी ती माझ्या पाया पडली आणि वर्गातल्या एकेका मुलाबद्दल लिहिलेली वही माझ्या हातात दिली. कुणाला समीकरणं जमत नाहीत, कोण फळ्यावर बोलावलं की रडतं, कुणाला पुढे बसवायला हवं. त्या वहीने मला दहावीचा निकाल काढून दिला, हेही कबूल करते. पेढा पहिला माझ्या हातावर पडला. मी खाल्ला.

यंदा शिक्षकदिनाला तिचा फोन आला. मी नंबर बघून उचलायचा नाही म्हणत होते, तरी उचलला. गुडघ्याची चौकशी केली, जिने चढू नका म्हणाली. मी विचारलं, "तिथे कुठले वर्ग दिलेत तुला?"

"पाचवी-सहावी, बाई. आठवी देत होते, मी नको म्हटलं. प्रयोग आले की भीती वाटते आता. मी पुस्तकाबाहेर जातच नाही. धडा वाचून घेते, प्रश्नोत्तरं लिहून देते. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून, नाहीतर काय झालं असतं."

त्या क्षणी सांगता आलं असतं. फोन कानाला, घरात दुसरं कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं की अगं, मी खोटं बोलले. जीभ वळली ती भलतीकडेच. मी विचारलं, "पोरं तशीच गराडा घालतात का गं तुला, इथल्यासारखी?"

"नाही हो," ती म्हणाली. "आता गप्प बसून लिहून घेतात."

आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.